मुठीवरचे सोने : होळकरांचे इंदूर आणि मानाची तलवार

६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरला होळकर दरबार आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला. खानदेशासह सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला, राजपूत संस्थानांकडच्या खंडणीवर पाणी सोडावे लागले, इतर राज्यांशी परस्पर बोलणी करण्याची मुभा संपली आणि जास्तीची फौज मोडण्याचे कलमही कबूल करावे लागले. महाराजांच्या कमरेची तलवार मात्र कमरेलाच राहिली. पुढची एकशेतीस वर्षे ती खंडेनवमीला पुजली गेली, दसऱ्याच्या स्वारीत मिरवली गेली, दिल्लीच्या दरबारात झळकली. ती उपसून होळकर राजाने रणात उतरण्याचा प्रसंग पुन्हा आला नाही.

लढाई संपली म्हणून उरली ती सजावट, असे याचे सोपे उत्तर देता येईल. पण ते पुरे पडत नाही. सोन्याने मढवलेल्या तलवारी मराठेशाहीच्या ऐन भरातही होत्या आणि त्या धरणारे हात तलवारीला सरावलेलेच होते. बदलले ते वेगळेच. आधी ती तलवार कमावलेल्या हुद्द्याची खूण होती; मंदसोरनंतर वरच्या सत्तेने राहू दिलेल्या हुद्द्याची खूण झाली. हे स्थित्यंतर कसे घडले ते पाहायला इंदूरहून आधी कोकण किनारा गाठावा लागतो, आणि तिथून थेट स्पेनमधले टोलेदो.

समुद्रापलीकडचे पाते

१५१० साली पोर्तुगिजांनी गोवे घेतले. त्यांच्या गलबतांतून जो माल येऊ लागला त्यात तलवारीची नुसती पातीही असत. मूठ नाही, म्यान नाही, फक्त पाते. १५८० ते १६४० या साठ वर्षांत स्पेन आणि पोर्तुगाल एकाच राजाच्या छत्राखाली होते, म्हणजे माद्रिदचा राजा हाच गोव्याचाही धनी होता. त्यामुळे टोलेदोसारख्या स्पॅनिश शहरांतले, जर्मनीतल्या झोलिंगेनचे आणि इटलीतले पोलाद पोर्तुगीज व्यापाराच्या वाटेने पश्चिम किनाऱ्याला लागत होते. पुढे इंग्रजही या धंद्यात उतरले. त्यांच्या वखारींच्या पत्रव्यवहारात तलवारीच्या पात्यांचा उल्लेख विकाऊ माल म्हणून येतो आणि नजराणा म्हणूनही. या सगळ्या युरोपीय पात्यांना आपल्याकडे एकच नाव पडले : फिरंग.

दख्खनला पोलादाची वाण होती असे नाही. तेलंगणातले जौहरदार पोलाद गोवळकोंड्याच्या राज्यातून थेट इराणपर्यंत जात असे आणि तिकडचे नावाजलेले कारागीर त्याच्या तलवारी घडवत. पण त्या पोलादाची तलवार बहुधा वक्र असे आणि ओढून कापायला उत्तम ठरे. घोड्यावरून लढणाऱ्या मराठ्याला पल्ला हवा होता : लांब, सरळ, हलके पाते, वाकले तरी पुन्हा सरळ होणारे. युरोपीय पात्यात हे गुण होते. त्याच्या अंगावर उभे नळ कोरलेले असत. त्यामुळे वजन घटे, पण ताठपणा राही. मराठ्यांची जी धोप म्हणून ओळखली जाते, तिच्या लांब सरळ घडणीला ही पाती चपखल बसली.

पाते परके घेतले तरी मूठ घरचीच राहिली. मराठी मुठीची रचना जवळून पाहिली की तिच्यामागचा विचार कळतो. बोटांवर कमानीसारखी येते ती परज. पात्याच्या दोन बाजूंना आडवे येतात ते ठोले. आत बोटांच्या सांध्यांना मार बसू नये म्हणून कापडाची गादी. मुठीच्या वरच्या टोकाला चपटी कटोरी, आणि फिरंगेच्या मुठीत त्या कटोरीतून वर निघालेला बोटभर जाडीचा गज. हा गज शोभेचा नव्हता. जोराचा वार करायचा झाला की दुसरा हात त्या गजाला घालता येई, आणि तलवार म्यानात असताना हात टेकायलाही तो सोयीचा पडे. पात्याचा बुंधा मुठीच्या पोकळीत तापवलेली लाख ओतून पक्का करत. शिवाय मुठीतून निघालेल्या लोखंडी पट्ट्या पात्याच्या दोन्ही अंगांवर उतरवून रिव्हेटांनी जखडत, म्हणजे लांब पाते बुंध्याशी लचकत नसे. बागलाणातल्या मुल्हेरच्या नावाने ओळखली जाणारी मुल्हेरी मूठ या घडणीतली विशेष नावाजलेली.

या मिश्र घराण्याच्या दोन तलवारी मुद्दाम पाहण्याजोग्या आहेत. पहिली लंडनच्या राजसंग्रहातली, कोल्हापूरकरांकडून गेलेली, जिला आपण जगदंबा म्हणून ओळखतो. तिचे पाते सरळ, एकधारी आणि युरोपीय आहे. पात्यावर दोन नळ असून प्रत्येक नळात आय-एच-एस ही रोमन अक्षरे तीन-तीनदा ठोकलेली आहेत. ही अक्षरे म्हणजे येशूच्या नावाचे संक्षिप्त चिन्ह, स्पेन-पोर्तुगालच्या कॅथलिक जगात घरोघरी दिसणारे. भवानीची पूजा बांधणाऱ्या छत्रपतींच्या घराण्यात ते पाते मानाने राहिले. ती अक्षरे खरवडून टाकावीत असे कोणाला वाटले नाही. पोलादाचा कस पाहिला गेला, बाकीची विचारपूस झाली नाही.

दुसरी तलवार नागपूरच्या रघुजी भोसल्यांची. महाराष्ट्र शासनाने ती एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून विकत घेतली. तिचेही पाते युरोपीय आणि एकधारी, तर मूठ मुल्हेरी, सोन्याची नक्षी केलेली. पात्याच्या पाठीवर सोन्यात देवनागरी अक्षरे आहेत : ‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’. एका ओळीत तीन गोष्टी सांगून झाल्या : धनी कोण, त्याचा हुद्दा काय आणि शस्त्र कोणत्या जातीचे. ज्याने पाते घडवले त्या युरोपीय लोहाराचा पत्ता नाही. नाव आहे ते तलवार धरणाऱ्याचे. हे ध्यानात ठेवावे, कारण युरोपात नेमके याच्या उलट होणार होते.

मान कोणी द्यायचा

सेनासाहेबसुभा हा किताब छत्रपतींकडून आलेला. मराठी राज्यात हुद्दा दिला जाई तेव्हा कागदाबरोबर वस्तूही दिली जाई. पेशव्यांना आणि प्रधानांना पदाची वस्त्रे मिळत, तशी शिक्के-कट्यार मिळे : एक कागदावर उमटवायला, एक कमरेला लावायला. सरदारांच्या वाट्याला वस्त्रांबरोबर ढाल-तलवार, घोडा, हत्ती, चौघडा येई, थोरांना जरीपटका. काही वेळा तलवार हीच पदवी होऊन नावाला चिकटे. बाळापूरच्या १७२० च्या लढाईत पराक्रम गाजवणाऱ्या दमाजी गायकवाडांना शाहू छत्रपतींनी ‘समशेर बहादर’ हा किताब दिला. बडोद्याच्या गायकवाडांनी तो पुढे पिढ्यान्‌पिढ्या लावला.

होळकर या रांगेत आले ते तळातून. नीरेकाठच्या होळ गावचे मल्हारराव १६९३ साली धनगराच्या घरी जन्मले आणि खानदेशात मामाकडे वाढले. भालाईत म्हणून सुरुवात करून ते बाजीरावांच्या पदरी आले आणि १७३० च्या दशकात माळव्याचे एक धनी झाले. तलवारीच्या जोरावर मिळवलेल्या हुद्द्याचे याहून ठसठशीत उदाहरण शोधायला नको. त्यांचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, ज्याचे शस्त्रच खंडा. मल्हार आणि खंडेराव ही घराण्यातली नावे त्याचीच. होळकरांनी जेजुरीच्या गडावर तट आणि ओवऱ्या बांधल्या. त्या गडावर आजही दसऱ्याला पानसे सरदारांनी देवाला वाहिलेला बेचाळीस किलोचा खंडा एका हाताने तोलून धरण्याची चढाओढ लागते. तो खंडा कोणाच्या हाती लढायला कधीच नव्हता. तरी त्याला खोटा म्हणायला कोणी धजणार नाही, कारण तो उचलायला खरेच मनगट लागते. मराठी मुलखात मानाच्या शस्त्राची कल्पना अशी होती : शोभा असावी, पण ती पेलण्याची ताकद आधी दाखवावी.

मुठीवर सोने चढवण्याचे कामही तितकेच कष्टाचे. त्याला कोफ्तगिरी म्हणत. पोलादाच्या पृष्ठभागावर छिन्नीने अत्यंत बारीक आडव्या-उभ्या रेघा मारून तो खरबरीत करायचा. मग केसासारखी सोन्याची तार त्यावर नक्षीप्रमाणे वळवत हलक्या हातोडीने ठोकत जायचे. तार त्या रेघांच्या दातांत रुतून बसते. मग मूठ तापवायची आणि अकिकाच्या घोटणीने घासत राहायचे, सोने आणि पोलाद एकजीव दिसेपर्यंत. वापराने सोने झिजते ते आधी परजेच्या आतल्या बाजूला आणि मुठीच्या पोटावर, जिथे हात लागतो तिथे. म्हणून जुन्या तलवारीची मूठ जाणत्याला बरेच सांगते. जिचे सोने सगळीकडे सारखेच शाबूत, ती तलवार फारशी हाताळली गेलेली नसते.

१७६१ : पानिपत आणि टोलेदो

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांची एक पिढी कापली गेली. मल्हारराव त्यातून निसटले. समशेर बहादर हेच नाव लावणारा, बाजीराव-मस्तानीचा मुलगा, जखमी होऊन मेला. त्याच वर्षी स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याने टोलेदोत तलवारींचा सरकारी कारखाना काढण्याचा हुकूम दिला. दोन घटनांचा आपसात संबंध काही नाही, पण शेजारी ठेवून पाहिल्या की तलवारीच्या जगातला मोठा बदल दिसतो.

टोलेदोच्या पोलादाची कीर्ती शतकानुशतकांची. पण अठराव्या शतकापर्यंत तिथल्या उस्तादांची परंपरा खंगली होती. दरबारात फ्रेंच पद्धतीच्या नाजूक तलवारींची चलती होती, आणि स्पेनच्या फौजेला एकसारखी, भरवशाची शस्त्रे मिळत नव्हती. कार्लोसने व्हॅलेन्सियाहून एका वयोवृद्ध उस्तादाला आणून उरलेले कारागीर एका छपराखाली जमवले. १७८० पर्यंत ताहो नदीकाठी कारखान्याची भव्य इमारत उभी राहिली. तिचा आराखडा राजाचा इटालियन वास्तुविशारद साबातिनी याचा.

या कारखान्याने तलवार कशी दिसावी हे ठरवण्याचा अधिकार हलवला. आतापर्यंत अधिकारी आपल्या ऐपतीप्रमाणे, आवडीप्रमाणे तलवार करून घेत असे. आता सरकारने नमुना ठरवायचा : पाते किती लांब, वाटी कशी, परजेला फाटे किती, पायदळाला कोणती, घोडदळाला कोणती. पात्यावर नाव कोरले जाऊ लागले ते कारखान्याचे, सोबत साल. रघुजींच्या तलवारीने धन्याचे नाव सांगितले. टोलेदोच्या तलवारीने सरकारचे सांगितले. ब्रिटननेही १७९६ पर्यंत अधिकाऱ्यांच्या आणि घोडदळाच्या तलवारींचे नमुने हुकमाने ठरवून टाकले. अशा फौजेत अधिकाऱ्याची तलवार म्हणजे गणवेशाचा भाग. ती राजा देतो, आणि राजा बदलला की तिच्यावरचे चिन्ह बदलते.

हा विचार हिंदुस्थानात आला तो कवायती कंपूंबरोबर. शिंद्यांकडे द बॉयन हा युरोपीय सेनानी होता, तर तुकोजी होळकरांनी शेव्हालिये दुद्रनेक या फ्रेंचाकडून पलटणी तयार करवल्या. १७९३ साली लाखेरीच्या लढाईत द बॉयनने त्या पलटणींचा धुव्वा उडवला. पराभवातून होळकरांनी धडा घेतला तो आणखी कवायतीचा. यशवंतराव होळकरांनी २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या मैदानात शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांना धूळ चारली, तेव्हा त्यांच्या पलटणी युरोपीय अधिकाऱ्यांच्या हाताखाली होत्या. पण लढाईचा निकाल फिरवला तो यशवंतरावांनी स्वतः तलवार उपसून घोडदळासह घेतलेल्या धडकेने. त्यात ते जखमीही झाले. कवायत आणि तलवार, नवा नमुना आणि जुना पराक्रम, त्या दिवशी एकाच सैन्यात नांदत होते.

ते नांदणे फार टिकले नाही. इंग्रजांशी जुंपण्याच्या सुमारास, १८०४ मध्ये, चाकरीतले ब्रिटिश अधिकारी ऐन वेळी उलटतील या संशयाने यशवंतरावांनी कॅप्टन व्हिकर्ससह तिघांची मुंडकी उडवली. त्याच पावसाळ्यात त्यांनी कर्नल मॉन्सनला मुकुंदवाड्याच्या खिंडीतून आग्र्यापर्यंत पळवले. पण १८०५ च्या डिसेंबरात राजघाटला तह करावाच लागला. उरलेली वर्षे ते भानपुऱ्यात तोफा ओतत राहिले. कोणत्या शस्त्राने पुढची लढाई ठरणार हे त्यांना कळून चुकले होते. १८११ मध्ये, वयाच्या पस्तिशीतच, ते गेले.

महिदपूर

यशवंतरावांच्या मागे दौलतीची सूत्रे तुळसाबाईंच्या हाती गेली. गादीवर त्यांचा बाल मुलगा, मूळ पुरुषाचेच नाव लावणारा मल्हारराव, फौजेचे पगार थकलेले, दरबारात इंग्रजांशी मिळते घ्यावे म्हणणारे आणि लढावे म्हणणारे असे तट. २० डिसेंबर १८१७ रोजी लष्करी गटाने तुळसाबाईंना क्षिप्रेच्या काठी ठार केले. दुसऱ्याच दिवशी महिदपूरला सर थॉमस हिस्लॉप आणि जॉन माल्कम यांच्या फौजेशी गाठ पडली. त्या वेळी मल्हारराव अकरा वर्षांचे होते.

लढाई तोफांची झाली. नदी ओलांडायला एकच सोयीचा उतार होता आणि त्यावर होळकरांच्या तोफखान्याने मारा धरला. कंपनीचे सातशेहून अधिक लोक मेले वा जखमी झाले. रोशन बेगच्या हाताखालचे गोलंदाज शत्रूच्या संगिनी अंगाला भिडेपर्यंत तोफा सोडून हलले नाहीत. घोडदळाचा मोठा भाग मात्र लवकर पांगला, आणि त्याचा एक प्रमुख गफूर खान याला पुढे मंदसोरच्या तहात जावऱ्याची जहागीर पक्की करून मिळाली. यशवंतरावांची मुलगी भीमाबाई त्या दिवशी घोड्यावर होती, हे माळव्यात अजून अभिमानाने सांगतात. साठांहून अधिक तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या.

एक उफराटी गोष्ट इथे नोंदवावीशी वाटते. कंपनीच्या मद्रासी घोडदळाकडे १७९६ च्या नमुन्याची वक्र तलवार होती. ती घडवताना तिच्या आखणीकाराच्या डोळ्यांपुढे तुर्क, मामलुक आणि हंगेरियन घोडेस्वारांची शस्त्रे होती. म्हणजे युरोपीय स्वाराच्या हाती पूर्वेचा बाक आला होता, तर मराठी सरदारांच्या घरी युरोपचे सरळ पाते पिढीजात झाले होते. शस्त्रांच्या बाबतीत कोणी सोवळे नव्हते. महिदपूरचा निकाल तलवारीच्या आकारावर लागलाही नाही. वेळेवर मिळणारा पगार, शिस्त आणि एकमुखी हुकूम यांवर लागला.

इंदूरचा दरबार

तहानंतर राजधानी महेश्वराहून इंदूरला आली. तात्या जोग किबे यांनी विस्कटलेली घडी बसवायला घेतली. खान नदीपलीकडे रेसिडेन्सी उभी राहिली आणि इंदूरपासून जेमतेम पाच-सात कोसांवर महूला कंपनीची छावणी पडली. एकीकडे राजवाडा, दुसरीकडे रेसिडेन्सी, पाठीशी छावणी. या त्रिकोणात होळकरांची तलवार आता फिरणार होती.

तिचे वर्षातले मुख्य दिवस दोन. खंडेनवमीला शस्त्रे बाहेर काढून, तेल-पाणी करून, हळद-कुंकू वाहून त्यांची पूजा. दुसऱ्या दिवशी दसरा : राजवाड्यातून शमीपूजनाला स्वारी, हत्ती, निशाण, पागा, मानकरी. मराठेशाहीत दसऱ्याचे सीमोल्लंघन म्हणजे मोहिमेचा मुहूर्त होता. पावसाळा सरला, नद्या उतरल्या, की फौजा बाहेर पडत. आता स्वारी दसरा मैदानापर्यंत जाऊन सोने लुटून परत येई. विधी तोच, अक्षरही न बदललेला. त्यामागची मोहीम तेवढी काढून घेतलेली.

१ जुलै १८५७ रोजी सादत खानाच्या पुढाकाराने होळकरांच्याच शिपायांनी रेसिडेन्सीवर हल्ला चढवला, पण दुसरे तुकोजीराव महाराज त्यात उतरले नाहीत. उठाव दडपल्यावर ब्रिटिश मुलखात हत्यारे गोळा करण्याची मोहीम निघाली आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवले. राजेरजवाड्यांना त्यातून सूट होती. सूट म्हटले की देणारा आला. जी तलवार कालपर्यंत हक्काची होती, ती आता सवलतीची झाली.

याचा मोठा घाव शिकलगारांवर बसला. पाते घासून, धार लावून, मुठीत पुन्हा लाख भरून देणारे हे लोक फौजेच्या मागोमाग फिरत. फौजा मोडल्या तशी त्यांची गिऱ्हाइके गेली. ते चाकू, विळे, कुलपे यांकडे वळले. उरले ते दरबारी काम, आणि दरबाराला धार नको होती, झळाळी हवी होती. जुनी फिरंगी पाती नव्या मखमली म्यानांत गेली. घासून घासून त्यांच्यावर नक्षी चढली. शिकारीची दृश्ये, देवदेवता, खड्यांचे मोगरे अशा मुठी निघू लागल्या, ज्या पकडून वार करायला गेले तर तळहात सोलून निघावा.

मान देण्याघेण्याचे व्याकरणही पालटले. ब्रिटिश राजवटीने १८६१ मध्ये ‘स्टार ऑफ इंडिया’ हा किताब काढला तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत तुकोजीराव होते. १८७५ च्या अखेरीस इंग्लंडचा युवराज, पुढचा सातवा एडवर्ड, हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला. मुंबईत कोल्हापूरच्या बारा वर्षांच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून वर सांगितलेली जगदंबा तलवार त्याला नजर झाली. परतीच्या वाटेवर तो इंदूरलाही थांबला. अशा प्रसंगी देशी लष्करी अधिकारी युवराजापुढून जाताना आपली तलवार उलटी धरून मूठ पुढे करत. युवराज तिला बोटे लावी आणि तलवार मालकाकडे परत जाई. ‘हे शस्त्र तुमचे, तुम्ही ते मला वापरू देता’, असा त्याचा अर्थ. नजर पेश करून परत घेण्याचा रिवाज मोगलाईत आणि मराठेशाहीतही होता. पण तिथे धनी नाखूश झाला तर सरदार उठून दुसऱ्या दौलतीत जाऊ शकत असे, आणि तसे सर्रास जात. आता दुसरी दौलतच उरली नव्हती.

तिकडे इंग्रजांनी आपल्या सेनापतींच्या मानाच्या तलवारीसाठी कोणता घाट निवडला? १८३१ च्या हुकमाने ब्रिटिश जनरलांना हस्तिदंती मुठीची, मामलुक धाटणीची वक्र तलवार आली. नेपोलियनच्या इजिप्त स्वारीपासून युरोपच्या लष्करात या घाटाचे वेड पसरले होते. पूर्व जिंकणाऱ्याने पूर्वेची तलवार कमरेला लावायची, आणि जिंकल्या गेलेल्याने आपली तलवार त्याला नजर करायची, अशी ही वाटणी.

उत्तम नमुना, सरलेला काळ

विसाव्या शतकाच्या आरंभी तलवारीच्या इतिहासातली मोठी गंमत घडली. स्पेनने १९०७ साली घोडदळासाठी ‘प्वेर्तो सेगुरो’ नमुना स्वीकारला : सरळ, अरुंद, भोसकण्यासाठीच आखलेले पाते आणि सबंध हात झाकणारी वाटी. लगोलग १९०८ साली ब्रिटननेही त्याच विचाराची तलवार काढली. घडणीच्या दृष्टीने घोडदळाच्या इतक्या नेटक्या तलवारी आधी झाल्या नव्हत्या. सहा वर्षांत पहिले महायुद्ध सुरू झाले आणि मशीनगनपुढे त्या निरुपयोगी ठरल्या. प्वेर्तो सेगुरो मग स्पॅनिश अधिकाऱ्यांच्या संचलनात स्थिरावली. टोलेदोचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला आणि त्या इमारतीत आता विद्यापीठ आहे. ब्रिटिश फौजेला तलवारी पुरवणाऱ्या विल्किन्सन कंपनीनेही २००५ मध्ये तलवारी करणे थांबवले.

त्याच महायुद्धात इंदूर संस्थानाने साम्राज्याच्या सेवेला पाठवले ते वाहतूक दल. ज्या घराण्याच्या घोडदळाच्या नुसत्या वार्तेने एकेकाळी दिल्ली-आग्रा हादरत असे, त्याच्या वाट्याला खेचरे आणि गाड्या आल्या. त्या माणसांनी काम चोख केले यात शंका नाही. पण लढाऊ दल की ओझ्याचे दल, हे ठरवणारा हात कोणाचा होता हेही त्यातून दिसले. शेवटचे सत्ताधीश दुसरे यशवंतराव यांनी पॅरिसच्या चित्रकाराकडून आपली दोन चित्रे काढून घेतली : एक युरोपीय संध्याकाळच्या काळ्या पोशाखातले, दुसरे पांढऱ्याशुभ्र मराठेशाही पोशाखातले. पणजोबांच्या काळी मराठेशाही पोशाख ही ओळख होती. यशवंतरावांच्या काळी तो दोन पोशाखांपैकी एक झाला. १९४८ मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झाले.

काय उरले, काय बदलले

या सगळ्याचा हिशेब करताना हळहळीचा सूर लावणे सोपे आहे. पण मराठेशाहीतला कमावलेला मान सगळ्यांना खुला नव्हता, आणि ज्या स्वाऱ्यांतून तो कमावला जाई त्यांची झळ माळव्याच्या आणि राजपुतान्याच्या रयतेने सोसली. १८०१ मध्ये खुद्द इंदूर शिंद्यांच्या फौजेने लुटले-जाळले. महिदपूरनंतर माळव्याच्या गावांना शांतता मिळाली हेही खरे. किंमत पडली ती दुसरीकडे. तलवार कोणासाठी उपसायची हे ठरवण्याचा अधिकार गेला. त्या अधिकाराची जागा भरून काढायला मुठीवरचे सोने वाढत गेले, पण सोन्याने ती जागा भरण्यासारखी नव्हती.

टोलेदोत रुजलेला दुसरा विचार मात्र टिकला. नमुना सरकारने ठरवायचा, तलवार हुद्द्याची, माणसाची नव्हे. स्वतंत्र भारताने ब्रिटिश घाटाची अधिकाऱ्याची तलवार ठेवली. तिच्या मुठीवरचा मुकुट गेला आणि अशोकाचे सिंह आले. माल्कमच्या काळात पडलेल्या महूच्या छावणीत १९४८ पासून भारतीय पायदळाची शाळा आहे आणि तिथल्या संचलनात हीच तलवार दिसते. ती कोणाच्या घराण्याची नसते. डेहराडूनच्या लष्करी अकादमीत सर्वोत्तम छात्राला मानाची तलवार देतात. तिथल्या पहिल्याच तुकडीत ती मिळाली ब्रह्मदेशातल्या करेन जमातीच्या स्मिथ डन या तरुणाला, जो पुढे आपल्या देशाचा सेनापती झाला. नीरेकाठच्या धनगराच्या मुलाला जे रणात मिळवावे लागले, ते आता परीक्षेत मिळवावे लागते. मान पुन्हा कमावण्याचा झाला, आणि या वेळी तो वारशाने पुढच्या पिढीकडे जात नाही. मल्हाररावांच्या काळाहून हा फरक मोठा आहे, आणि चांगलाही.